पोटात अन्न नाही, तरी साखर तीनशे कशी?

इस्पितळात दुखणाईताच्या उशाशी बसलेल्या नातलगांकडून एक प्रश्न आमच्या कानी हटकून येतो. ‘दोन दिवस ह्यांच्या पोटात पेजेचा घोट नाही आणि सिस्टर म्हणतात, साखर तीनशेवर गेली. ही साखर येते तरी कुठून?’ त्याच्या पाठोपाठ दुसरा प्रश्न येतो, तो जरा दबक्या आवाजात. ‘आता इन्सुलिन चालू करणार म्हणे. एकदा सुई लागली की ती जन्मभराची ना?’ ह्या दोन प्रश्नांचा उलगडा वेळेवर झाला नाही, तर घरची मंडळी घाबरतात. कोणी सुई नको म्हणून सही करून देतात, तर कोणी रोग्याला उचलून थेट घरी नेतात. पायाची जखम चिघळून पाय काढायची वेळ येते, ती पुष्कळदा अशाच वाया गेलेल्या चार दिवसांमुळे. म्हणून आज हा विषय जरा विस्ताराने घेत आहोत.

मधुमेह हे आता शहरातल्या बैठ्या लोकांचे दुखणे राहिलेले नाही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या मदतीने झालेल्या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले. त्यांत देशातील प्रौढ माणसांत मधुमेहाचे प्रमाण शेकडा ११.४ निघाले, आणि सर्व राज्यांत पहिला क्रमांक लागला तो आपल्या गोव्याचा, शेकडा २६.४! म्हणजे चार प्रौढ गोवेकरांत एकाहून अधिक. तेव्हा दुखणे कोणतेही असो, न्यूमोनिया असो, हृदयविकार असो की विळ्याने झालेली जखम असो, इस्पितळात दाखल झालेल्या माणसाच्या बोटाला टोचून साखर पाहिली जाते, ती उगीच नव्हे.

आता पहिला प्रश्न. आपल्या घरात जशी भाताची कणगी, तशी शरीरात यकृत ही साखरेची कणगी. आपण जेवलो की जास्तीची साखर यकृत साठवून ठेवते आणि उपासाच्या वेळी थोडी थोडी रक्तात सोडते. ही कणगी कधी उघडायची आणि कधी झाकायची, ते ठरवण्यात मुख्य वाटा इन्सुलिनचा. जठराच्या मागे स्वादुपिंड नावाची ग्रंथी असते, तिच्यात ते तयार होते. रक्तातली साखर स्नायूंच्या पेशींत शिरते तीही इन्सुलिनच्याच आधाराने.

शरीरावर मोठे संकट आले, ताप भरला, जखमेत पू झाला, शस्त्रक्रिया झाली, की अॅड्रिनलिन आणि कॉर्टिसॉल ही संकटकाळची संप्रेरके भराभर स्रवतात. त्यांचा हुकूम एकच, कणगी उघडा. लांडगा मागे लागलेल्या माणसाला पळायला ताकद हवी, म्हणून निसर्गाने केलेली ही सोय आहे. पण खाटेवर पडलेला माणूस पळत नाही. साखर रक्तातच साचत राहते. कणगी रिकामी झाली तरी यकृत थांबत नाही, ते स्नायूंतले मांस मोडून त्यातून नवी साखर घडवते. शिवाय हीच संप्रेरके इन्सुलिनचा जोरही कमी करतात. म्हणून पोटात अन्नाचा कण नसतानाही साखर तीनशे होते. ज्याला आयुष्यात कधी मधुमेह नव्हता त्याचीसुद्धा ह्या दिवसांत वाढू शकते, आणि दुखणे ओसरले की खाली उतरते.

मग ती आपोआप उतरेल म्हणून वाट का पाहू नये? कारण तोवर ती नुकसान करते. साधारण १८० मिलिग्रॅमच्या पुढे (दर १०० मिलिलिटर रक्तामागे, पुढील सर्व आकडे ह्याच मापाचे) साखर लघवीवाटे सांडू लागते आणि जाताना पाणी व क्षार घेऊन जाते. रोगी आतून सुकतो. जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी सुस्तावतात, जखम भरेनाशी होते. आपल्या उसाच्या पट्ट्यात पाहा. तोडणीनंतर शेतात राहिलेला बुडखा पायात घुसतो. जुन्या मधुमेहाने पायाच्या नसा बधिर झालेल्या असतात, म्हणून माणसाला दुखतच नाही. आठ दिवस तो तसाच चिखलात राबतो आणि वास यायला लागल्यावर इस्पितळात येतो. तिथे जंतुनाशक औषध कितीही भारी दिले तरी साखर साडेतीनशेवर असेल, तर ते औषध एका हाताने लढत असते.

२०२१ सालच्या कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत हे साऱ्या देशाने पाहिले. श्वास वाचवण्यासाठी स्टिरॉइडे द्यावी लागत होती, त्यांनी साखर चढत होती, आणि त्या चढलेल्या साखरेवर काळ्या बुरशीचा रोग फोफावला. महाराष्ट्र आणि कर्नाटकातही कितीजणांचे डोळे आणि जबडे काढावे लागले. दम्यासाठी किंवा सांध्यांसाठी स्टिरॉइड चालू असेल तेव्हाही हे ध्यानात ठेवावे. सकाळी घेतलेल्या प्रेडनिसोलोनच्या गोळीने साखर चढते ती दुपारी आणि सायंकाळी. नुसती सकाळची उपाशी साखर पाहून ‘छान आहे’ म्हणणे फसवे ठरते.

इस्पितळात गोळ्या बंद करून इन्सुलिनच का देतात, हेही पुष्कळांना कोडे वाटते. गोळीचा गुण यायला वेळ लागतो, आणि एकदा गिळलेली गोळी मागे घेता येत नाही. मूत्रपिंड थकलेले असेल, अंगात मोठा जंतुसंसर्ग असेल किंवा शिरेतून रंगद्रव्य सोडून तपासणी करायची असेल, तर मेटफॉर्मिन सहसा थांबवतात. डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन ह्या नव्या गोळ्या लघवीवाटे साखर बाहेर टाकतात. त्या चालू असताना उपाशी राहावे लागले, तर साखर फारशी न चढताही रक्तात आम्ल साठण्याचा धोका असतो. ठरलेल्या शस्त्रक्रियेच्या तीन दिवस आधीच त्या बंद करतात. म्हणून दाखल होताना घरातल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटे पिशवीत घालून न्यावीत. ‘एक पांढरी आणि एक गुलाबी’ असे सांगून डॉक्टरांना काहीच कळत नाही. इन्सुलिनचे तसे नाही. आज गरज दुप्पट असेल तर दुप्पट देता येते, उद्या निम्म्यावर आणता येते.

किती साखर चालेल, ह्याविषयी जाणत्या डॉक्टरांचेही मत गेल्या पंचवीस वर्षांत दोनदा फिरले आहे, आणि ती हकीकत सांगण्याजोगी आहे. २००१ साली बेल्जियममधील लूव्हेन येथे शस्त्रक्रियेनंतर अतिदक्षता विभागात ठेवलेल्या रोग्यांची साखर इन्सुलिनने ८० ते ११० ह्या अगदी निरोगी माणसाच्या मापात धरून पाहिली. त्या विभागातील मृत्यूंचे प्रमाण शेकडा ८ वरून ४.६ वर आले. जगभर उत्साह पसरला, जो तो साखर शंभरावर आणायच्या मागे लागला. पुढे ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, कॅनडा आणि अमेरिकेतील इस्पितळांनी मिळून सहा हजारांवर रोग्यांवर तोच प्रयोग केला. २००९ साली त्याचा निकाल आला तो उलटा. साखर कडक धरलेल्यांत नव्वद दिवसांत शेकडा २७.५ दगावले, तर १८० पर्यंत मोकळीक दिलेल्यांत २४.९. साखर धोकादायक खाली घसरण्याचे प्रमाणही कडक गटात शेकडा ६.८ होते, दुसऱ्या गटात अवघे ०.५. तेव्हापासून मधला मार्ग रूढ झाला. साखर सतत १८० च्या वर राहिली तर इन्सुलिन सुरू करायचे आणि बहुतेक गंभीर रोग्यांत ती १४० ते १८० च्या दरम्यान ठेवायची. साध्या वॉर्डातल्या, नीट जेवणाऱ्या माणसाची शंभरापर्यंत आली तरी चालते. तेव्हा तक्त्यावर १७० पाहून ‘अजून नॉर्मल का नाही आली?’ म्हणून परिचारिकेशी वाद घालू नये. ती मुद्दामच तिथे ठेवलेली असते.

इन्सुलिन द्यायच्या पद्धती समजायला शेतकऱ्याला मुळीच अवघड नाही, पाणी देण्याचेच शास्त्र आहे. पिकाला मुळाशी कायमची ओल लागते, आणि शिवाय पाळीचे पाणी लागते. तसेच शरीराला चोवीस तास थोडे इन्सुलिन लागते, आणि जेवणाच्या वेळी जास्तीचे. ओलीसाठी ग्लार्जिनसारखे लांब पल्ल्याचे इन्सुलिन दिवसातून एकदा देतात, किंवा मध्यम पल्ल्याचे दोनदा. पाळीसाठी साधे इन्सुलिन जेवणाआधी अर्धा तास, किंवा लिस्प्रो, अॅस्पार्ट ही जलद इन्सुलिने जेवणाच्या तोंडावर.

हिशेब कसा करतात तो नमुन्यादाखल सांगतो. साठ किलो वजनाचा, मूत्रपिंड ठीक असलेला माणूस घ्या. किलोमागे ०.४ युनिट धरले तर दिवसाचे २४ युनिट झाले. निम्मे, म्हणजे १२, ओलीसाठी आणि उरलेले १२ तीन जेवणांत चार-चार. वृद्ध माणूस, अशक्त माणूस किंवा मूत्रपिंडाचा रोगी असेल तर किलोमागे ०.२ ते ०.३ च धरतात, कारण त्यांच्या अंगात इन्सुलिन रेंगाळते. मग रोजचे आकडे पाहून कमीजास्त करतात. हा हिशेब डॉक्टरांचा आहे, घरी बसून कोणी करायचा नाही. तो इथे मांडला तो एवढ्यासाठी की शेजारच्या खाटेवर दहा युनिट आणि आपल्या माणसाला चोवीस, म्हणून कोणी धसका घेऊ नये.

पूर्वी सर्रास एक सोपी रीत चाले, अजूनही कुठे कुठे चालते. दर सहा तासांनी साखर पाहायची, जास्त असेल तर त्या मानाने साधे इन्सुलिन टोचायचे, कमी असेल तर काही नाही. ओलीचे इन्सुलिन मुळी द्यायचेच नाही. हे म्हणजे पीक कोमेजल्यावर पाट सोडायचा आणि तरारले की बंद करायचा. २००७ साली अमेरिकेत ह्या दोन्ही रीती समोरासमोर तपासल्या गेल्या. ओल-पाळीच्या रीतीने शंभरांतील ६६ जणांची साखर १४० च्या खाली आली, जुन्या रीतीने अवघ्या ३८ जणांची. आमचे स्पष्ट मत आहे की जुनी रीत सोडून द्यावी. तक्त्यावर फक्त सहा-सहा तासांची सुई दिसत असेल आणि साखर रोज खालीवर नाचत असेल, तर डॉक्टरांना नम्रपणे विचारायला हरकत नाही.

अतिदक्षता विभागात मात्र शिरेतून इन्सुलिन सोडतात. हे आपले ठिबक. पन्नास मिलिलिटर सलाइनमध्ये पन्नास युनिट साधे इन्सुलिन मिसळून पंपाने थेंब थेंब सोडायचे आणि सुरुवातीला तासातासाला बोट टोचायचे. ह्या टोचण्याला नातलग कंटाळतात, ‘मेल्यासारख्या पडलेल्या माणसाला किती छळता’ म्हणतात. पण झोपेच्या औषधाखाली असलेला माणूस ‘मला घाम सुटलाय, गरगरतंय’ हे सांगू शकत नाही. त्याच्या वतीने ते बोटच बोलते. शिरेतल्या इन्सुलिनचा जोर काही मिनिटांतच संपतो, म्हणून ठिबक बंद करायच्या साधारण दोन तास आधी ओलीचे इन्सुलिन कातडीखाली दिलेले असावे लागते. ते राहून गेले की संध्याकाळी साखर पुन्हा आभाळाला!

आणखी एक गोष्ट पाहून लोक चक्रावतात. एका हाताला इन्सुलिनचे ठिबक, आणि दुसऱ्या हाताला साखरेचे सलाइन. ‘साखर उतरवायची की चढवायची?’ शरीरात इन्सुलिन अगदीच नसले की पेशी चरबी जाळू लागतात आणि रक्तात कीटोन नावाची आम्ले साठतात. श्वास खोल आणि जोराचा होतो, तोंडाला पिकल्या फळासारखा वास येतो, पोट दुखते, उलट्या होतात. ह्या अवस्थेत आधी भरपूर सलाइन, मग इन्सुलिन. साखर २५० च्या खाली आली तरी आम्ले अजून धुऊन निघालेली नसतात. इन्सुलिन थांबवता येत नाही, आणि चालू ठेवले तर साखर फार घसरेल, म्हणून सोबतीला साखरेचे सलाइन. शिवाय इन्सुलिन रक्तातले पोटॅशियमही पेशींत ओढून नेते. ते फार कमी झाले तर हृदयाचे ठोके बिघडतात, म्हणून मधून मधून त्यासाठी रक्त घेतात. हे सगळे परस्परांना धरून आहे, गोंधळ नव्हे.

नातलगांचा ह्या उपचारात वाटा किती, हे आता पाहू. तो फार मोठा आहे.

पाळीचे इन्सुलिन दिले आणि जेवण आलेच नाही, तर साखर घसरते. आपल्याकडे घरून डबा येईपर्यंत दोन वाजतात, बस चुकली तर तीन. इन्सुलिन मात्र साडेबाराला टोचून झालेले असते. इस्पितळाचे जेवण मिळत असेल तर तेच वेळेवर घ्यावे. घरचाच डबा द्यायचा असेल तर तो आल्याशिवाय सुई देऊ नका, असे परिचारिकेला आधी सांगावे. उलट, भेटीला येणारा प्रत्येकजण शहाळे, मोसंबीचा रस नाहीतर ग्लुकोजची बिस्किटे घेऊन येतो आणि ‘अशक्तपणा आलाय, घ्या थोडे’ म्हणून पाजतो. पातळ पेजही साखर झटकन चढवते, हे आपल्या बायाबापड्यांना पटत नाही. रोग्याने काय खाल्ले ते लपवू नये. लपवले की डॉक्टर चढलेली साखर पाहून इन्सुलिन वाढवतात, आणि दुसऱ्या दिवशी शहाळे मिळाले नाही की माणूस घामाघूम होऊन पडतो. आंबा कापलेल्या हाताचे बोट टोचले तरी यंत्र भलताच आकडा दाखवते, म्हणून आधी हात धुऊन कोरडे करावेत.

सत्तरच्या खाली साखर गेली की ती धोक्याची. घाम, थरथर, धडधड, एकाएकी भूक, आणि म्हाताऱ्या माणसांत कधी कधी नुसतेच असंबद्ध बोलणे. ‘वय झालंय, बडबडतात’ म्हणून सोडून देऊ नये, परिचारिकेला लगेच हाक मारावी. शुद्धीवर असेल तर तीन चमचे साखर पाण्यात घालून द्यावी आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासावे. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही घालू नये. ते श्वासनलिकेत जाईल. तेव्हा शिरेतून साखर देतात. उपवासकाळात काही भाविक आजारी असूनही शुक्रवारी जेवणाला नाही म्हणतात, त्यांना सांगायला हवे की आजाऱ्याला हे बंधन नाही. ख्रिस्तशरीर स्वीकारण्यापूर्वीचा एका तासाचा उपवासही आजारी माणसाला आणि त्याची शुश्रूषा करणाऱ्याला लागू नाही, असा ख्रिस्तसभेचाच नियम आहे.

शस्त्रक्रियेसाठी उपाशी ठेवले असेल तर पाळीचे इन्सुलिन देत नाहीत, ओलीचे मात्र थोडे कमी करून चालू ठेवतात. लहानपणापासून इन्सुलिनवर असलेल्या रोग्याचे तर ते कधीच तोडायचे नसते. ‘खाल्ले नाही, मग सुई कशाला?’ हा प्रश्न तिथे जिवावर बेतू शकतो.

आता ती जन्मभराची भीती. इन्सुलिन हे व्यसन नव्हे. ते आपल्याच अंगात रोज तयार होणारे द्रव्य आहे. १९२२ च्या जानेवारीत कॅनडातील टोरोंटोच्या इस्पितळात लिओनार्ड थॉम्पसन ह्या चौदा वर्षांच्या मुलाला ते पहिल्यांदा टोचले, तेव्हा तो उपासमारीच्या पथ्याने हाडांचा सापळा झाला होता. पहिला अर्क पुरेसा शुद्ध नव्हता. बारा दिवसांनी शुद्ध केलेला दिला आणि साखर उतरली. त्या काळी ते गुराडुकरांच्या स्वादुपिंडातून काढीत. १९८२ पासून जंतूंकरवी तयार केलेले मानवी इन्सुलिन बाजारात आले.

इस्पितळात सुरू झालेले इन्सुलिन घरी चालू ठेवायचे की नाही, ते एका रक्ततपासणीवरून पुष्कळसे कळते. एचबीए१सी ही तपासणी मागल्या तीन महिन्यांची सरासरी सांगते. ती ६.५ च्या खाली असेल तर साखर आजाराच्या ताणाने चढली असण्याचा संभव अधिक, आणि बरे झाल्यावर सुई सुटू शकते. जरा वर असेल तर पुष्कळांचे गोळ्यांवर भागते. फारच वर असेल तर मात्र इन्सुलिन चालू ठेवणेच हिताचे. नुकतेच रक्त चढवले असेल किंवा रक्तक्षय असेल तर हा आकडा फसवतो, ते डॉक्टरांच्या कानावर घालावे.

घरी सुई घ्यायची असेल तर बाटली आणि सिरिंज जुळते की नाही ते औषधाच्या दुकानातच पाहावे. आपल्याकडे एका मिलिलिटरमध्ये ४० युनिटांची बाटली मिळते, तिला लाल टोपणाची सिरिंज. १०० युनिटांच्या बाटलीला नारिंगी टोपणाची. १०० ची बाटली आणि लाल सिरिंज अशी अदलाबदल झाली, तर दहाच्या खुणेपर्यंत भरले तरी अंगात पंचवीस युनिट जातात. उलट झाली तर फक्त चार. पोटावर टोचताना जागा रोज बदलावी, नाहीतर गाठी होतात आणि औषध नीट शोषले जात नाही.

शीतकपाट असेल तर बाटली त्याच्या दारात ठेवावी, बर्फाच्या कप्प्यात नव्हे. गोठलेले इन्सुलिन वितळले तरी वाया जाते. शीतकपाट नसेल तर मोठ्या मातीच्या मडक्यात वाळू घालून ती ओली ठेवावी, तिच्यात लहान मडके बसवावे, बाटली कोरड्या डबीत घालून आत ठेवावी आणि वर झाकण घालून मडके सावलीत वाऱ्याला ठेवावे. उघडलेली बाटली साधारण चार आठवडे चालते. उघडल्याची तारीख तिच्यावर लिहून ठेवावी.